'मेला' आणि 'मारला' : तरुण खुन्यांची नैतिक भाषा



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहींना अमंगल वाटेल ह्याची मला जाणीव आहे. विषय निवडण्याची मोकळीक चालकांनी मला दिली, तिचा मी जरा अधिकच लाभ घेतला असेही कोणी म्हणेल. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि व्याकरण शिकविले. न्यायशास्त्र अथवा मानसशास्त्र हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु निवृत्तीनंतरच्या वाचनात खून करून शिक्षा झालेल्या तरुणांनी स्वतःविषयी लिहिलेले आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडून ऐकून नोंदविलेले बरेच साहित्य पाहण्यात आले, आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. खून केलेला तरुण स्वतःच्या कृत्याचा अर्थ कसा लावतो हा प्रश्न जितका नीतीचा, तितकाच वाक्यरचनेचाही आहे. तो स्वतःला कोणते वाक्य सांगतो? त्या वाक्यात कर्ता कोण असतो, कर्म कोण असते, आणि क्रियापद कोणते? ह्या तीन साध्या, शाळेतल्याच प्रश्नांच्या आधारे आज मी आपल्याशी बोलणार आहे.

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या आहेत. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, मरणे आणि मारणे. पहिल्या क्रियापदात क्रिया आपली आपण होते, दुसऱ्यात ती कोणीतरी करतो. हा भेद मुलाला व्याकरणाच्या तासापूर्वीच ठाऊक असतो. चेंडू खिडकीवर आदळला की वर्गातला मुलगा 'सर, काच फुटली' असेच सांगतो. 'मी काच फोडली' हे वाक्य शिक्षकांच्या कानी फार क्वचित पडते, हे इथे बसलेले शिक्षक मान्य करतील. मुलगा खोटे बोलत नाही. काच फुटलेली असतेच. त्याने केवळ एक कर्ता गाळलेला असतो.

आपल्या भाषेत आणखी एक सोय आहे. 'हातून' हा शब्द. 'माझ्या हातून चूक झाली', 'त्याच्या हातून खून घडला'. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना त्याचे स्वातंत्र्य हेच लक्षण मानले, आणि क्रिया सिद्ध करण्याचे सर्वांत प्रभावी साधन ते करण असे सांगितले. 'माझ्या हातून घडले' असे म्हणणारा माणूस स्वतःला कर्त्याच्या आसनावरून उतरवून करणाच्या रांगेत, म्हणजे सुऱ्या-कुऱ्हाडीच्या शेजारी नेऊन बसवितो. अर्थात 'हातून' ही नेहमीच पळवाट असते असे नाही. 'माझ्या हातून थोडी सेवा घडली' असे म्हणणारा कार्यकर्ता त्याच शब्दाने नम्रता दाखवितो. सत्कर्मात कर्तेपण सोडणे हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि दुष्कर्माच्या वेळी तीच रचना आयती हाताशी येते. तीच गोष्ट वाक्प्रचारांची. डोक्यात सणक गेली, अंगात सैतान संचारला, डोळ्यांत रक्त उतरले, भान राहिले नाही. ह्या प्रत्येक वाक्यात काहीतरी त्या माणसात शिरते, उतरते, संचारते, आणि तो माणूस केवळ जागा पुरवितो.

ह्या पळवाटांचा पद्धतशीर विचार समाजशास्त्राने १९५७ साली केला. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा ह्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तो आजही गुन्हेशास्त्राच्या वर्गात वाचला जातो. त्यापूर्वीचा प्रबळ समज असा की, गुन्हेगार मुलांची नीती निराळीच, तुमच्या-आमच्या उलट असते. साइक्स आणि मात्झा ह्यांनी विचारले, तसे असेल तर ही मुले सबबी का सांगतात? ज्याला चोरी योग्यच वाटते त्याला चोरीचे समर्थन करण्याची गरज पडू नये. ही मुले समर्थन करतात, कारण आपलीच नीती त्यांनाही मान्य असते, आणि तिच्याकडून तात्पुरती सुटका हवी असते. त्यांनी अशा सुटकेच्या पाच रीती सांगितल्या. माझा दोष नव्हताच, ही पहिली. कोणाचे फारसे नुकसान झाले नाही, ही दुसरी. ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता, ही तिसरी. मला दोष देणारे तरी कोठे स्वच्छ आहेत, ही चौथी. आणि पाचवी, मी हे माझ्यासाठी केले नाही, मित्रांसाठी, घरासाठी केले.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला महाभारतातले सौप्तिक पर्व आठवले. खुनाच्या समर्थनाचे इतके बारीक चित्रण दुसऱ्या कोठल्या प्राचीन ग्रंथात असेल असे मला वाटत नाही. युद्ध संपले आहे. दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. अश्वत्थामा, त्याचा मामा कृपाचार्य आणि कृतवर्मा हे तिघे रात्री एका वडाखाली विसावतात. दोघांना झोप लागते, अश्वत्थाम्याला लागत नाही. झोपलेल्या कावळ्यांवर झडप घालून त्यांना मारणारे एक घुबड तो पाहतो आणि त्याला मार्ग सापडतो. तो मामाला उठवितो. कृपाचार्य जे सांगतात ते कोणताही वडीलधारा सांगेल. आता झोप, सकाळी वडील माणसांना विचारू, झोपलेल्यांना मारणे हा धर्म नव्हे. ह्यावर भाच्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. प्रत्येकाला आपलीच बुद्धी शहाणी वाटते, असे तो आधी म्हणतो. मग म्हणतो, धर्माचा बांध पांडवांनी कधीच शतखंड केला आहे, शस्त्र खाली ठेवलेल्या माझ्या पित्याला त्यांनी मारले, तेव्हा कोठे होता धर्म? साइक्स आणि मात्झा ह्यांची तिसरी, चौथी आणि पाचवी रीत एका संवादात आली. ह्यातले काहीही खोटे नाही हे ध्यानात घ्यावे. द्रोणाचार्यांचा वध कपटाने झाला हे खरेच होते. समर्थने बहुधा खऱ्या गोष्टींचीच बनलेली असतात, म्हणून तर ती टिकतात.

पहिली रीत पुढच्या प्रसंगात येते. शिबिराच्या दाराशी अश्वत्थामा शंकराची आराधना करतो, स्वतःची आहुती देऊ करतो, आणि शंकर त्याला खड्ग देऊन त्याच्या देहात प्रवेश करतात. म्हणजे पुढचा सगळा संहार करणारा तो उरलाच नाही! पण व्यासांनी त्याला ह्या आडोशाला राहू दिले नाही. पुढे तो ब्रह्मशिर अस्त्र सोडतो आणि व्यास त्याला जाब विचारतात, तेव्हा रुद्राचे नावही न घेता तो भीमाच्या भयाने अस्त्र सोडल्याचे सांगतो. त्या क्षणी तो घाबरलेला एक तरुण असतो. अर्जुनाला आपले अस्त्र परत घेता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. सोडणे त्याला शिकविलेले होते, आवरणे त्याला जमत नव्हते. तरुणांच्या हिंसेविषयीचे ह्याहून नेमके निदान मला ठाऊक नाही. त्याला मिळालेली शिक्षाही विचार करण्याजोगी आहे. कृष्ण त्याला मारीत नाही. मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशी न बोलता हिंडण्याचा शाप मिळतो. सातपुड्याच्या पट्ट्यात कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आजीच्या गोष्टींतून आपणा सर्वांना भेटलेला आहे.

आता ग्रंथातून तुरुंगात येऊ. मॅसॅच्युसेट्स राज्यातील तुरुंगांत अनेक वर्षे काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन ह्यांनी १९९६ साली हिंसेवर एक पुस्तक लिहिले. अत्यंत हिंसक कैद्यांना 'तू असे का केलेस' असे विचारले असता त्यांना पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळाले. त्याने माझा अपमान केला. गिलिगन ह्यांचा निष्कर्ष असा की, असह्य लज्जा पुसून तिच्या जागी मान मिळविण्याची धडपड बहुतेक हिंसेच्या मुळाशी असते. त्यापूर्वी, १९८८ साली, जॅक कॅट्झ ह्या समाजशास्त्रज्ञाने असे दाखविले होते की, संतापाच्या भरात खून करणारा त्या क्षणी स्वतःला अपराधी मानीतच नाही. आपण काही एक चांगले, घराची अब्रू, पुरुषपणा, मालकी, राखतो आहोत अशी त्याची भावना असते. खून हा त्याच्या मते न्यायनिवाडा असतो.

ह्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गल्लीतल्या मुलांच्या बोलीत 'खुन्नस' हा शब्द आहे. खुन्नस दिली म्हणजे रोखून पाहिले. शिष्ट मराठीत ह्या शब्दाला प्रवेश नाही, पण ज्याला तरुणांच्या मारामाऱ्या समजून घ्यायच्या आहेत त्याने 'क्रोध' आणि 'द्वेष' हे शब्द जरा बाजूला ठेवून ह्या शब्दाचा अर्थ लावावा. नुसत्या नजरेने एखाद्याचे काहीतरी हिरावले जाऊ शकते, आणि ते परत मिळविल्यावाचून घरी जाता येत नाही, अशी एक संपूर्ण नीती त्या एका शब्दात आहे. ती वाईट नीती आहे, पण नीतीचा अभाव नव्हे. अशा मुलांपुढे 'हिंसा वाईट' असे व्याख्यान देणारा माणूस त्यांच्या दृष्टीने मुद्द्याला स्पर्शच करीत नाही, कारण त्यांच्या मनात हिशेब मानाचा चाललेला असतो.

परंतु अपमानाचे हे स्पष्टीकरण सर्वत्र पुरत नाही. जेथे ते अजिबात पुरत नाही असे एक प्रकरण माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी माणसाला आठवत असेल. १९७६ आणि १९७७ मध्ये पुण्यात दहा माणसांचे खून झाले. १६ जानेवारी १९७६ रोजी पहिला बळी गेला, तो मारेकऱ्यांच्या ओळखीचाच एक विद्यार्थी होता. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकर कुटुंबातील चौघे आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाई, आणि २३ मार्च १९७७ रोजी आणखी एक तरुण. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे दोषी ठरले. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. हे चित्रकलेचे शिक्षण घेणारे विशीतले विद्यार्थी होते. सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ रोजी फाशीची शिक्षा सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

ज्यांना मारले त्यांनी ह्यांचा काही अपमान केलेला नव्हता. पुणे शहर दिवेलागणीनंतर दारे लावून बसले, ते केवळ खुनांच्या भीतीने नव्हे असे मला वाटते. हे खून करणारे कोण असतील ह्याचे जे चित्र लोकांच्या मनात होते, त्यात कॉलेजात जाणारी मुले बसत नव्हती. तारखांकडे मात्र पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणांत साडेनऊ महिने गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्यात एक महिना. त्या चौघांच्या मनात काय चालले असेल हे सांगण्याचा आव मी आणणार नाही, पण हे आकडे पाहून कोणालाही प्रश्न पडेल की, पहिल्या वेळी जो काही अडथळा होता त्याचे दुसऱ्यानंतर काय झाले?

त्या वृद्ध गृहस्थांविषयी एक वाक्य बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित. १९६१ साली निघालेला त्यांचा संस्कृत व्याकरणशास्त्राचा कोश माझ्या पिढीच्या अध्यापकांच्या टेबलावर असे. कर्ता, कर्म आणि करण ह्यांविषयी काही अडले की आम्ही जो ग्रंथ उघडत होतो तो त्यांचा.

मुनव्वर शहा ह्याने तुरुंगात आत्मकथन लिहिले आणि ते 'येस, आय अॅम गिल्टी' ह्या नावाने मराठीत प्रसिद्ध झाले. मराठी पुस्तकाला इंग्रजी नाव का, ह्यावर मी पुष्कळ विचार केला. 'गिल्टी' ह्या इंग्रजी शब्दात न्यायालयाने लावलेला दोष आणि मनाला लागलेली टोचणी ह्या दोन्ही गोष्टी मावतात. मराठीत त्या वेगळ्या आहेत. दोषी ठरविते न्यायालय, गुन्हेगार म्हणते पोलीस ठाणे, अपराधी आपण ज्याचे वाईट केले त्याच्यापुढे असतो, पापी देवापुढे. ह्यांपैकी कोणता शब्द निवडावा हे ठरविणे म्हणजे कोणापुढे उभे राहायचे हे ठरविणे होय. इंग्रजी शब्दाने तो निर्णय टळतो, असे म्हणता येईल. उलट असेही म्हणता येईल की, त्या वाक्यात कर्ता 'मी' आहे, त्यात 'हातून' नाही आणि 'आम्ही' नाही. चार जणांनी मिळून केलेल्या कृत्यांविषयी बोलताना 'मी' म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. मी हे दोन्ही अर्थ आपल्यापुढे ठेवतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

'मी' आणि 'आम्ही' ह्यांतले अंतर किती मोठे असते ह्याचा सर्वांत ठळक पुरावा रवांडा देशातून आला. १९९४ साली तेथे तुत्सी जमातीचा संहार झाला. फ्रेंच पत्रकार झाँ हात्झफेल्ड ह्यांनी न्यामाता परिसरातील दहा मारेकऱ्यांशी तुरुंगात प्रदीर्घ संभाषणे केली आणि २००३ साली ती पुस्तकरूपाने दिली. हे दहाही जण एकमेकांचे मित्र, बहुतेक शेतकरी, काही विशीतले. हात्झफेल्ड ह्यांना असे आढळले की, 'तू काय केलेस' असे एकवचनात विचारले की माणूस टाळाटाळ करतो, आणि 'तुम्ही काय केलेत' असे अनेकवचनात विचारले की तो मोकळेपणी, बारकाव्यांसकट बोलू लागतो. मारण्याला ते 'काम' म्हणत. सकाळी कामाला निघायचे, संध्याकाळी कामावरून यायचे. क्रियापद बदलले, कर्ता अनेकवचनी झाला, आणि शेजाऱ्याच्या मुलाला मारणे शेतावर जाण्याइतके नित्याचे होऊन बसले.

मराठीत तर ह्याहून सूक्ष्म सोय आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर 'आम्ही' आणि त्याला सामील करून घ्यायचे तर 'आपण'. 'आपण काय गप्प बसायचं?' असे एखादा मुलगा म्हणतो तेव्हा ऐकणाराही नकळत त्या रागाचा भागीदार झालेला असतो. मुलांचे वाद मिटविणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी ह्या 'आपण'कडे लक्ष द्यावे. तेथपर्यंत शक्य आहे तोच 'तू' असे विचारावे.

येथे श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. ज्याने 'मी केले' असे निःसंदिग्ध सांगितले आणि तरीही ज्याला पश्चात्ताप नव्हता, त्याचे काय? २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर हल्ला झाल्यानंतर दामोदर हरि चापेकर ह्यांनी कैदेत असताना आत्मवृत्त लिहिले. त्यात 'हातून घडले' नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकतही ते अभिमानाने सांगतात. पुण्यातील १९७६ च्या दरोडेखोर खुन्यांची आणि ह्या हुतात्म्याची एका तागडीत तुलना करणे मला मान्य नाही. पारतंत्र्यातल्या शस्त्राचा न्याय इतिहास निराळ्या न्यायासनावर करतो. माझ्या विषयापुरते एवढेच नोंदवितो की, 'मी' हा कर्ता आला म्हणजे सगळे आले असे नव्हे. वाक्यात कर्मही असते. त्या रात्रीच्या हल्ल्यात रँडखेरीज आयर्स्ट नावाचा एक अधिकारीही मारला गेला, आणि प्लेगच्या जुलमाविषयी आपण जे काही वाचतो त्यात आयर्स्टचे नाव रँडच्या नावामागे जोडून येण्यापलीकडे फारसे येत नाही. मोठ्या ध्येयाच्या वाक्यातही कर्माच्या जागी बहुधा हुद्दा असतो, माणूस नसतो.

कर्माच्या जागी माणूस यायला किती वेळ लागतो? ह्या प्रश्नाचे उत्तर शिकागोच्या एका प्रकरणात मिळते. २१ मे १९२४ रोजी नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब ह्या अनुक्रमे एकोणीस आणि अठरा वर्षांच्या तरुणांनी चौदा वर्षांच्या बॉबी फ्रँक्सचा खून केला. दोघेही धनाढ्य घरचे, बुद्धीने असामान्य, लहान वयात पदवीधर झालेले. नीत्शेच्या अतिमानवाच्या कल्पनेने लिओपोल्डला झपाटले होते. अटकेनंतर त्याने आपल्या कृत्याची तुलना कीटकशास्त्रज्ञाने टाचणीवर भुंगा टोचण्याशी केली. ह्यात लाज नाही, संताप नाही, अपमानाची भरपाई नाही. कर्माच्या जागी भुंगा होता. क्लॅरन्स डॅरो ह्या विख्यात वकिलाने गुन्हा कबूल करून फाशी टाळण्यासाठी युक्तिवाद केला, आणि न्यायाधीशांनी मुख्यतः त्यांच्या वयाकडे पाहून जन्मठेप व आणखी नव्व्याण्णव वर्षे अशी शिक्षा दिली.

लोब १९३६ साली तुरुंगात मारला गेला. लिओपोल्ड तेहतीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. तेथे दोघांनी मिळून कैद्यांसाठी पत्रद्वारा चालणाऱ्या शाळेचा विस्तार केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिओपोल्डने हिवतापाच्या प्रयोगांसाठी स्वतःचे शरीर दिले. १९५८ साली त्याचे आत्मचरित्र निघाले आणि त्याच वर्षी त्याची सुटका झाली. पुढे तो प्वेर्तो रिको बेटावर रुग्णसेवेत राहिला आणि १९७१ साली वारला. ह्या आत्मचरित्राच्या रचनेत एक मोठी पोकळी आहे. पुस्तक खून होऊन गेल्यानंतर सुरू होते. खून त्यात सांगितलेलाच नाही. ते सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही की सांगणे हा मृताचा पुन्हा अपमान ठरेल असे त्याला वाटले, ह्यावर वाचक आपापल्या स्वभावानुसार मत बनवितात. एक गोष्ट मात्र तो मोकळेपणाने मांडतो. आरंभीची कित्येक वर्षे आपल्याला पश्चात्ताप वाटलाच नाही, तो फार उशिरा आला, आणि आला तो गेला नाही.

माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. तरुण खुन्याला पश्चात्ताप नाही, म्हणून त्याच्यात माणूसपणच नाही, असे आपण चटकन म्हणतो. वृत्तपत्रेही 'आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता' हे वाक्य ठेवणीतले असल्यासारखे छापतात. पण पकडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत जे दिसते ते बहुधा समर्थनच असते, कारण समर्थन कृत्याच्या आधीच तयार झालेले असते. त्याच आधारावर कृत्य शक्य झालेले असते. ते मोडायला वेळ लागतो, आणि मोडणारच अशी हमीही नाही.

आपल्या कायद्याने हा वेळेचा प्रश्न एका विचित्र ठिकाणी आणून सोडला आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्यातून २०१५ चा बालन्याय कायदा झाला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळ तीन महिन्यांच्या आत एक प्राथमिक तपासणी करते. अपराध करण्याची त्याची शारीरिक व मानसिक क्षमता किती होती, परिणाम समजण्याची क्षमता किती होती, परिस्थिती काय होती, हे पाहून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही हे ठरते. देहदंड किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप अशा मुलाला देता येत नाही, ही त्यातली समंजस तरतूद. पण 'परिणाम समजण्याची क्षमता' ह्या शब्दांपाशी मी अडखळतो. सुरा पोटात गेला तर माणूस मरतो, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळते. ते सहा वर्षांच्यालाही कळते. 'मरतो' कळणे आणि 'मी मारला' कळणे ह्यांत जे अंतर आहे ते तीन महिन्यांत, अनोळखी माणसांसमोर, वकिलाने गप्प राहायला सांगितलेले असताना कसे मोजणार? ज्याला बोलते करायचे त्याला कायदाच मौनाचा हक्क देतो. तो हक्क असायलाच हवा, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणेन. म्हणूनच शिक्षा ठरविण्याच्या जागी पश्चात्ताप मोजू नये आणि पश्चात्तापाच्या जागी शिक्षा मोजू नये, असे माझे मत झाले आहे. पहिले काम न्यायालयाचे आहे आणि ते पुराव्यावर चालते. दुसरे काम शिक्षा सुरू झाल्यानंतर, तुरुंगात किंवा सुधारगृहात, कोणीतरी त्या मुलाशी वर्षानुवर्षे बोलत राहिल्याने होते. ते करणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, आणि बहुधा शिक्षकच आहेत.

अशा शिक्षकांपुढचा पेच नाजूक असतो. कैद्याला 'मी मारले' हे वाक्य शिकविता येते. तो ते चटकन शिकतोही, कारण सुटकेचा अर्ज लिहिताना ते उपयोगी पडते. पाठ केलेला पश्चात्ताप आणि आलेला पश्चात्ताप ह्यांतला फरक ओळखण्याची खूण मला विचाराल तर मी कर्माकडे बोट दाखवीन. पाठ केलेल्या वाक्यात 'माझे आयुष्य वाया गेले', 'माझ्या आईवडिलांना खाली पाहावे लागले' असे सगळे बोलणाऱ्याभोवती फिरत राहते. ज्याला खरोखर उमगले आहे त्याच्या वाक्यात मेलेल्याचे नाव येते, त्याचे वय येते, तो त्या दिवशी कोठे निघाला होता ते येते.

ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले त्यांच्या भाषेविषयी आपण फार कमी विचार केला आहे. समाचाराला येणारे लोक 'गेले' म्हणतात. आपल्या रीतीप्रमाणे तेच सौजन्याचे असते. परंतु त्या घरातली माणसे कित्येकदा तो शब्द स्वीकारीत नाहीत. 'गेला नाही, मारला त्याला' असे आई दुरुस्त करून सांगते, आणि ऐकणारे अस्वस्थ होऊन विषय बदलतात. तिला तिचे क्रियापद वापरू द्यावे. वर्ष लोटल्यावर ती तेच पुन्हा म्हणाली तरीही समोर बसून ऐकून घ्यावे.